भिलाईची विमानसेवा : धावपट्टी नंदिनीला, विमान रायपूरला

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे देशाच्या पोलाद उद्योगाचे एक प्रमुख केंद्र. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने येथे उभारलेल्या कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. मात्र, रुळांपासून जहाजबांधणीच्या पोलादापर्यंत सर्व काही तयार करणाऱ्या या नगरीला आजही नियमित प्रवासी विमानसेवा नाही.

भिलाईजवळ धावपट्टी नाही, असे मात्र नव्हे. शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर, कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या नंदिनी खाणींच्या परिसरात स्टील ऑथॉरिटी ऑफ इंडियाच्या मालकीची धावपट्टी आहे. तिचा उपयोग प्रसंगोपात्त येणाऱ्या विमानांपुरताच राहिला. तिकीट काढून प्रवास करणाऱ्या सर्वसामान्य माणसाला त्यासाठी रायपूरच गाठावे लागते.

रायपूरचा विमानतळ शहराच्या दक्षिणेस माना येथे असून भिलाईहून तो सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. पूर्वी माना विमानतळ या नावाने परिचित असलेल्या या विमानतळास जानेवारी २०१२ मध्ये स्वामी विवेकानंदांचे नाव देण्यात आले. स्वामीजींच्या बालपणातील काही काळ रायपुरात गेला होता. त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी नव्या प्रवासी टर्मिनलचे उद्घाटन केले. गर्दीच्या वेळी तासाला ७०० प्रवाशांची सोय होईल, अशी त्याची रचना करण्यात आली. येथून दिल्ली, मुंबई, हैदराबाद, बंगळुरू, कोलकाता आदी शहरांसाठी थेट सेवा आहे. परदेशी जाणाऱ्यांना मात्र मोठ्या विमानतळावर विमान बदलावे लागते.

नियमित आंतरराष्ट्रीय सेवा नसलेल्या या विमानतळावर एक परदेशी विमान मात्र वर्षानुवर्षे मुक्कामी राहिले. ऑगस्ट २०१५ मध्ये ढाक्याहून मस्कतला निघालेले बांगलादेशच्या युनायटेड एअरवेजचे विमान इंजिनातील बिघाडामुळे येथे तातडीने उतरविण्यात आले. प्रवासी सुखरूप परतले, विमान तेथेच राहिले!

भिलाईला स्वतंत्र विमानसेवा का नाही, याचे उत्तर या ४५ किलोमीटरांतच आहे. केंद्राच्या २००८ च्या धोरणानुसार, चालू विमानतळापासून १५० किलोमीटरच्या आत नवा विमानतळ उभारायचा झाल्यास जुन्यावर होणारा परिणाम तपासावा लागतो. शिवाय एकाच परिसरातील प्रवासी दोन ठिकाणी विभागले, तर विमान कंपन्यांना दोन्हीकडे आसने भरणे अवघड जाते.

छोट्या शहरांसाठी आखलेल्या 'उडान' योजनेचा अनुभवही बोलका आहे. १४ जून २०१८ रोजी भिलाई येथील कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जगदलपूर-रायपूर विमानसेवेचा प्रारंभ केला. एअर ओडिशाची ती सेवा अल्पावधीतच बंद पडली. सप्टेंबर २०२० मध्ये अलायन्स एअरची हैदराबाद-जगदलपूर-रायपूर सेवा सुरू होईपर्यंत बस्तरवासीयांना रस्त्यावरच विसंबावे लागले. पुढे मार्च २०२१ मध्ये बिलासपूरहून विमाने उडू लागली, तर अंबिकापूरच्या विमानतळाचे उद्घाटन २० ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. ही शहरे रायपूरपासून दूर आहेत. भिलाईचे तसे नाही.

त्यामुळे भिलाईकरांच्या दृष्टीने खरा प्रश्न धावपट्टीपेक्षा रस्त्याचा आहे. आपल्याकडील धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर या शहरांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ (पूर्वीचा क्रमांक ६) भिलाईच्या मधूनच रायपूरकडे जातो. अवजड वाहने आणि स्थानिक रहदारी यांचा भार त्याच्यावर एकाच वेळी पडतो. कोंडी कमी करण्यासाठी कुम्हारी, पॉवर हाऊस, सुपेला येथे उड्डाणपूल उभारण्यात आले. तरीही पहाटेचे विमान गाठायचे असेल, तर हाताशी पुरेसा वेळ ठेवून निघणेच इष्ट. विमान तासा-दीड तासाचे आणि घरापासून विमानतळापर्यंतचा प्रवासही जवळपास तेवढाच, असा हा हिशेब.

विदर्भातून भिलाईला जाणाऱ्यांसाठी रेल्वेच अधिक सोयीची ठरते. हावडा-मुंबई लोहमार्गावरील दुर्ग स्थानक भिलाईला लागूनच असून ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेली नागपूर-बिलासपूर वंदे भारत एक्स्प्रेस तेथे थांबते. नागपूरहून दुर्गला पोहोचण्यास तिला सुमारे साडेतीन तास लागतात.