फॉर्म्युला वन इंजिनांचा आवाज

फॉर्म्युला वन इंजिनांचा आवाज हा मुख्यतः इंजिनातून ठरावीक कालांतराने बाहेर पडणाऱ्या जळालेल्या वायूच्या दाबलहरींमुळे निर्माण होतो. सिलिंडरांची संख्या, क्रँकशाफ्टची रचना, फिरण्याचा वेग, निष्कास नळ्यांची (जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांची) मांडणी आणि टर्बोचार्जर असणे वा नसणे या घटकांवर त्याची पट्टी, तीव्रता व पोत अवलंबून असतो. हे घटक बहुतांशी स्पर्धेच्या तांत्रिक नियमांनी ठरतात. त्यामुळे नियम बदलले की गाड्यांचा आवाजही बदलतो. २०१४ साली व्ही-८ इंजिनांच्या जागी टर्बोचार्जर असलेली संकरित व्ही-६ इंजिने आली, तेव्हा आवाजातील फरक हा या खेळातील मोठ्या वादाचा विषय ठरला.

ध्वनीची निर्मिती

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरात इंधन जळाल्यानंतर निष्कास झडप उघडते. त्या क्षणी सिलिंडरातील वायूचा दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा बराच जास्त असतो. हा वायू वेगाने नळीत शिरतो आणि दाबाची एक तीव्र लहर नळीतून पुढे सरकते. अशा लहरींची अखंड मालिका नळीच्या तोंडातून बाहेर पडते व कानाला ती सलग स्वरासारखी भासते. शर्यतीच्या गाडीत रस्त्यावरील गाडीप्रमाणे सायलेन्सर नसतो. त्यामुळे या लहरी फारशा मंद न होता बाहेर येतात.

निष्कासाखेरीज हवा आत खेचली जाताना होणारा आवाज, झडपा व दंतचक्रांचा यांत्रिक आवाज आणि टर्बोचार्जरची शीळ हेही एकूण आवाजात मिसळलेले असतात. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनांमध्ये मात्र निष्कासाचा आवाज इतरांवर मात करतो.

प्रज्वलन वारंवारता

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांमागे एकदा प्रज्वलन होते. म्हणून एका सेकंदात होणाऱ्या प्रज्वलनांची संख्या काढण्यासाठी सेकंदाच्या फेऱ्यांना सिलिंडरांच्या निम्म्या संख्येने गुणतात. मिनिटाला १८,००० फेरे घेणारे इंजिन सेकंदाला ३०० फेरे घेते. त्यात १० सिलिंडर असतील तर सेकंदाला १,५०० प्रज्वलने होतात. याच रीतीने काढलेली काही इंजिनांची प्रज्वलन वारंवारता पुढीलप्रमाणे आहे :

- बीआरएम व्ही-१६ (१९५० चे दशक), सुमारे १२,००० फेरे : १,६०० हर्ट्झ
- फोर्ड-कॉसवर्थ डीएफव्ही व्ही-८ (१९६७), सुमारे ९,००० फेरे : ६०० हर्ट्झ
- ३.० लिटर व्ही-१० (२००५ पर्यंत), १८,००० फेरे : १,५०० हर्ट्झ
- २.४ लिटर व्ही-८ (२००९ ते २०१३), १८,००० फेरे : १,२०० हर्ट्झ
- १.६ लिटर टर्बो व्ही-६ (२०१४ पासून), १२,००० फेरे : ६०० हर्ट्झ

संगीताच्या भाषेत १,५०० आणि ६०० हर्ट्झ यांतील अंतर एक सप्तक आणि त्यावर शुद्ध गांधाराइतके आहे. मात्र ६०० हर्ट्झ ही वारंवारता या खेळाला नवी नाही. १९६७ साली डच ग्रांप्री जिंकून पदार्पण करणाऱ्या डीएफव्ही इंजिनाची वारंवारता साधारण तेवढीच होती. तरीही ती गाडी आणि आजची गाडी यांच्या आवाजांत साम्य आढळत नाही. कारण प्रज्वलन वारंवारतेवरून केवळ पट्टीचा अंदाज येतो. आवाजाचा पोत त्या वारंवारतेबरोबर उमटणाऱ्या इतर स्वरांवर ठरतो आणि हे स्वर इंजिनाच्या रचनेतून येतात.

फेऱ्यांचा वेग आणि सिलिंडरांचा आकार

इंजिनाची शक्ती ही दर सेकंदाला किती हवा व इंधन जाळले जाते यावर अवलंबून असते. टर्बोचार्जर नसताना आणि इंजिनाचे आकारमान नियमाने बांधलेले असताना शक्ती वाढवण्याचा प्रमुख मार्ग म्हणजे फेरे वाढवणे. त्यासाठी अभियंत्यांनी सिलिंडर रुंद आणि दट्ट्याची धाव आखूड ठेवली. २.४ लिटर व्ही-८ इंजिनांच्या सिलिंडराचा व्यास नियमानुसार जास्तीत जास्त ९८ मिलिमीटर असे. तो पूर्ण वापरल्यास दट्ट्याची धाव ४० मिलिमीटरपेक्षा किंचित कमी येते. १८,००० फेऱ्यांना अशा दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २४ मीटर असतो.

अतिशय वेगाने उघडझाप करणाऱ्या झडपांना धातूची स्प्रिंग वेळेवर बंद करू शकत नाही. रेनॉने १९८६ साली स्प्रिंगऐवजी दाबाखालील वायू वापरणारी झडप-यंत्रणा आणली आणि ही अडचण दूर झाली. त्यानंतर इंजिनांचे फेरे वाढत गेले व त्याबरोबर आवाजाची पट्टीही चढत गेली. २००६ साली कॉसवर्थच्या व्ही-८ इंजिनाने २०,००० फेऱ्यांचा टप्पा गाठला. पुढे खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी आणि इंजिने अधिक टिकावीत म्हणून २००७ मध्ये १९,००० व २००९ मध्ये १८,००० फेऱ्यांची मर्यादा घालण्यात आली.

क्रँकशाफ्ट आणि प्रज्वलनांतील अंतर

दोन इंजिनांची प्रज्वलन वारंवारता सारखी असली, तरी प्रज्वलने समान अंतराने होतात की असमान अंतराने, यावरून त्यांचा आवाज वेगळा होतो. अंतरे समान असतील तर स्वर स्वच्छ व एकसंध वाटतो. अंतरे असमान असतील तर मूळ वारंवारतेखालचे स्वरही उमटतात आणि आवाज खरखरीत किंवा घोगरा होतो.

व्ही-८ इंजिनांच्या बाबतीत हा फरक विशेष स्पष्ट दिसतो. डीएफव्हीसह फॉर्म्युला वनमधील बहुतेक व्ही-८ इंजिनांत क्रँकशाफ्टचे चारही खटके एकाच प्रतलात असतात. त्यामुळे प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांतील प्रज्वलने बरोबर १८० अंशांच्या अंतराने होतात आणि प्रत्येक बाजूची निष्कास नळी चार सिलिंडरांच्या स्वतंत्र इंजिनासारखी वागते. अमेरिकेतील नॅसकार शर्यतींच्या व्ही-८ इंजिनांत हे खटके परस्परांशी काटकोनात असतात. तेथे एकाच बाजूच्या प्रज्वलनांतील अंतरे ९०, १८०, २७० आणि १८० अंश अशी असमान पडतात. त्या गाड्यांची ओळख असलेली खोल गुरगुर यातूनच येते. फोर्ड जीटी-४० या गाडीत काटकोनी क्रँकशाफ्ट कायम ठेवून दोन्ही बाजूंच्या नळ्या एकमेकींत गुंफल्या होत्या, जेणेकरून प्रत्येक सामाईक नळीत लहरी समान अंतराने पोहोचाव्यात.

व्ही-१० इंजिनात सिलिंडरांच्या दोन रांगांमधील कोन ७२ अंश असल्यास सर्व प्रज्वलने समान अंतराने होतात. गुरुत्वमध्य खाली आणण्यासाठी २००० च्या दशकात ९० अंशांचा कोन प्रचलित झाला. त्यात अंतरे आलटून पालटून ९० व ५४ अंश होतात. रेनॉने २००१ ते २००३ या काळात ११० अंशांच्या आसपास कोन असलेले इंजिन वापरले. त्यात ही विषमता आणखी वाढली होती.

नळ्यांची मांडणी

निष्कास नळ्यांची लांबी आवाजासाठी ठरवली जात नाही. ती शक्तीसाठी ठरवली जाते. दाबलहर नळीच्या जोडावर किंवा मोकळ्या तोंडाशी पोहोचली की तिचा काही भाग कमी दाबाची लहर होऊन परत फिरतो. ही लहर झडप उघडी असतानाच परत आली, तर ती सिलिंडरातील उरलासुरला वायू बाहेर ओढून घेते. अपेक्षित वेगाला हे नेमके घडावे म्हणून सर्व नळ्या समान लांबीच्या ठेवून एका सामाईक नळीत जोडतात. समान लांबीमुळे लहरी एकसारख्या अंतराने पोहोचतात आणि आवाज आपोआप सुरेल होतो.

२०१० व २०११ च्या हंगामांत हाच वायू गाडीच्या मागील तळाखाली सोडून रस्त्यावरील पकड वाढवण्यात येत असे. चालकाने वेग कमी करण्यासाठी पाय उचलल्यावरही वायूचा प्रवाह चालू राहावा म्हणून इंजिनाचे नियंत्रण बदलले जाई. परिणामी वळणावर शिरताना त्या गाड्यांतून तुटक, फडफडणारा आवाज येई. २०१२ च्या नियमांनी ही पद्धत जवळपास संपुष्टात आणली.

टर्बोचार्जरचा परिणाम

टर्बोचार्जरमध्ये निष्कास वायू एक टर्बाइन फिरवतो आणि ते टर्बाइन इंजिनात अधिक हवा दाबणारा संपीडक चालवते. टर्बाइनमधून जाताना वायूचा दाब व तापमान घटते आणि लहरींचे तीव्र चढउतार बोथट होतात. त्यामुळे बाहेर येणारा आवाज मंद होतो आणि त्यातील उच्च स्वर विशेषकरून कमी होतात. रेनॉने १९७७ साली फॉर्म्युला वनमध्ये टर्बो इंजिन आणले. १९८९ पासून ती इंजिने बंद करण्यात आली.

डिझेल इंजिनांत हा परिणाम अधिक ठळक दिसतो. २००६ साली ल मां येथील २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या ऑडी आर-१० या गाडीत १२ सिलिंडर होते. परंतु डिझेलचे मंद फेरे आणि दोन टर्बोचार्जर यांमुळे ती तिच्या पेट्रोल प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कितीतरी शांत होती.

२०१४ मधील बदल

२०१४ च्या नियमांनी १.६ लिटरचे, ९० अंश कोनाचे, एकच टर्बोचार्जर व तीन खटक्यांचा क्रँकशाफ्ट असलेले व्ही-६ इंजिन बंधनकारक केले. आवाज बदलण्यामागे चार कारणे एकत्र आली.

पहिले कारण म्हणजे सिलिंडर कमी झाले. दुसरे कारण इंधनाच्या प्रवाहावरील मर्यादा हे होते. नियमाने १५,००० फेऱ्यांपर्यंत मुभा असली, तरी इंधनाचा प्रवाह ताशी १०० किलोग्रॅमवर बांधलेला होता व ही कमाल पातळी १०,५०० फेऱ्यांनाच गाठली जाई. त्यापुढे फेरे वाढवल्यास घर्षण वाढते, पण जाळायला अधिक इंधन मिळत नाही. म्हणून चालक साधारण १२,००० फेऱ्यांच्या आसपासच गिअर बदलू लागले. तिसरे कारण म्हणजे प्रज्वलनांतील अंतरे ९० व १५० अंश अशी असमान झाली. यामुळे ६०० हर्ट्झच्या जोडीला ३०० हर्ट्झचा खालचा स्वरही ऐकू येतो. चौथे कारण म्हणजे टर्बाइनला जोडलेला विद्युत जनित्र. तो वायूतील आणखी ऊर्जा काढून घेतो.

ध्वनीच्या रूपाने बाहेर जाणारी ऊर्जा मुळात अत्यल्प असते. त्यामुळे आवाज कमी केल्याने इंधन वाचले असे म्हणता येत नाही. पूर्वी वाया जाणाऱ्या वायूकडून काम करून घेतल्यामुळे इंधन वाचले आणि आवाज घटणे हा त्याचाच दुसरा परिणाम होता. मर्सिडीजने २०१७ साली आपल्या इंजिनाने चाचणी-यंत्रावर ५० टक्क्यांहून अधिक औष्णिक कार्यक्षमता गाठल्याचे जाहीर केले.

आवाजाविषयीचा वाद

२०१४ च्या पहिल्याच शर्यतीनंतर मेलबर्न येथील आयोजकांनी नव्या आवाजाबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. तत्कालीन विश्वविजेता सेबास्टियन फेटल यानेही टीका केली. प्रचंड आवाज हा प्रेक्षकांना मैदानाकडे खेचणाऱ्या अनुभवाचा भाग आहे, असा या बाजूचा युक्तिवाद होता. शांत गाड्यांमुळे लहान मुलांसह शर्यत पाहता येते, शेजाऱ्याशी बोलता येते आणि टायरांचा व टर्बोचार्जरचा आवाजही ऐकू येतो, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते. श्रवणशक्तीचा मुद्दाही यात येतो. ८५ डेसिबल आवाजात आठ तास राहणे ही कामाच्या ठिकाणी सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते व पुढे दर ३ डेसिबलला हा कालावधी निम्मा होतो. जुन्या इंजिनांच्या काळात प्रेक्षकांना कानात बोळे घालावे लागत.

मे २०१४ मध्ये मर्सिडीजने बार्सिलोना येथे कर्ण्याच्या आकाराची निष्कास नळी वापरून पाहिली, परंतु अपेक्षित परिणाम साधला नाही. २०१६ पासून टर्बाइनला वळसा घालून जाणाऱ्या जादा वायूसाठी स्वतंत्र नळी बंधनकारक झाली आणि आवाज काहीसा वाढला. २०२६ च्या नियमांत व्ही-६ रचना कायम असली, तरी टर्बाइनला जोडलेला जनित्र वगळण्यात आला आहे.

भारतातील संदर्भ

ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात झालेल्या तिन्ही भारतीय ग्रांप्री २.४ लिटर व्ही-८ इंजिनांच्या काळातील होत्या. टर्बो व्ही-६ इंजिनांच्या काळात भारतात फॉर्म्युला वनची शर्यत झालेली नाही. मुंबईस्थित महिंद्रा समूहाचा संघ २०१४ मध्ये सुरू झालेल्या फॉर्म्युला ई या विद्युत गाड्यांच्या मालिकेत पहिल्या हंगामापासून सहभागी आहे. या मालिकेची एक शर्यत फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबाद येथे झाली. विद्युत गाडीत प्रज्वलन नसल्यामुळे निष्कासाचा आवाज नसतो. तेथे विद्युत मोटार व दंतचक्रांची उंच शीळ, टायरांचे घर्षण आणि वाऱ्याचा आवाज एवढेच ऐकू येते.