हिवाळ्यातील घरगुती कार्यशाळा : ऊब हवी, धोका नको

निफाड, नाशिक, नागपूर, गोंदिया या भागांत डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. गच्चीवरील पत्र्याची शेड, गॅरेज किंवा परसातील खोलीत सुतारकाम, मूर्तिकाम अथवा दुरुस्तीची कामे करणाऱ्यांना ही थंडी विशेष जाणवते. बोटे आखडतात, हत्यारांवरील पकड सैल होते, लाकूड जोडण्याचा पांढरा डिंकही नीट धरत नाही. अशा वेळी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवण्याचा मोह होतो. मात्र तोच सर्वांत घातक उपाय ठरतो.

फुललेल्या निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निर्धोक असतात, हा समज चुकीचा आहे. त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन वायू बाहेर पडत राहतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि गुंगी ही त्याची लक्षणे थकव्यासारखीच भासतात. ती जाणवताच मोकळ्या हवेत जावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रॉकेलचा स्टोव्ह व गॅसची शेगडीही बंद जागेत ऊब घेण्यासाठी वापरू नये. त्यांच्या ज्वलनातून निघणारी पाण्याची वाफ थंड लोखंडावर बसून हत्यारे गंजतात, हा आणखी एक तोटा.

विजेचा हीटर त्या मानाने सुरक्षित. पण खर्चाचा हिशेब मांडणे आवश्यक आहे. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत सुमारे ३४ किलो हवा असते. तिचे तापमान १० अंशांनी वाढवण्यास विजेचे जेमतेम ०.१ युनिट पुरते. उरलेली वीज फटी, भिंती आणि छतावाटे निसटणाऱ्या उष्णतेची भरपाई करण्यात खर्च होते. म्हणूनच हीटरआधी फटींकडे लक्ष द्यावे. दाराखाली रबरी पट्टी, खिडक्यांना जाड पडदे, पत्र्याखाली प्लाय किंवा जिप्समचे छत आणि उभे राहण्याच्या जागी लाकडी फळी एवढ्याने मोठा फरक पडतो. थर्माकोल सहज पेट घेतो; ते उघडे लावू नये. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दक्षिणेची खिडकी दिवसा उघडी ठेवून ऊन आत घ्यावे.

पंख्याचा हीटर सर्व हवा तापवतो आणि भुसाही उडवतो. किरणोत्सर्जी हीटर समोरील माणसाला थेट ऊब देतो. एकट्याने काम करताना ८०० वॅटचा असा हीटर तीन तासांत २.४ युनिट घेतो, तर २००० वॅटचा हीटर त्याच वेळात ६ युनिट. मात्र त्याच्या तापलेल्या तारेपासून लाकूड, कापड आणि भुसा किमान तीन फूट दूर असावा. तेल भरलेल्या रेडिएटरची तार उघडी नसल्याने भुश्याच्या जागी तो अधिक योग्य. मात्र तो तापण्यास वेळ लागतो.

२००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. त्यामुळे तो ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला किंवा एक्स्टेंशन बोर्डला न जोडता अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच जोडावा. त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असणे हितावह.

थिनर, टर्पेंटाइन किंवा स्पिरिट पॉलिशचे काम करताना हीटर बंद आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. या द्रवांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि तापलेल्या तारेपर्यंत पोहोचून भडकू शकते. पॉलिश पूर्ण वाळून वास गेल्यावरच हीटर पुन्हा सुरू करावा. रोज काम संपताच भुसा झाडून काढावा, हीटरचा प्लग काढावा आणि तो थंड झाल्याची खात्री करूनच खोली बंद करावी.