काठीपासून खाऊपर्यंत: कुत्रा शिकवण्याचा इतिहास

मी भिलाईहून बोलतेय आणि आजचा विषय आहे कुत्र्याचं पिल्लू. आमच्या सेक्टरमधल्या क्वार्टरांत कुणी पिल्लू आणलं की दुसऱ्याच दिवशी फरशीवर शू होते आणि शेजारचे काका सांगतात, पेपरची सुरळी करा, नाकावर एक हाणा, बरोबर शिकेल. महिनाभर हाणूनही शू थांबत नाही. मग एखाद्या घरातलं पिल्लू थेट रस्त्यावर जातं. म्हणून हा सल्ला कुठल्या पठडीतला आहे आणि तो मोडीत कसा निघाला, ते बघू.

मारणं जुनंच आहे. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञात सरमेचं पिल्लू येतं आणि राजाचे भाऊ त्याला बडवतात. पिल्लू रडत आईकडे जातं. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलंही नव्हतं, चाटणं तर दूरच. सरमा भर यज्ञात जाऊन जाब विचारते, उत्तर मिळत नाही, तेव्हा शाप देते. मला त्या शापापेक्षा तिचा प्रश्न मोठा वाटतो: कशासाठी मारलंत? मार खाणाऱ्या पिल्लालाही तेच कळत नसतं.

आता 1910 मध्ये या. जर्मनीत पोलिसांचे कुत्रे तयार करणाऱ्या कॉनराड मोस्टने प्रशिक्षणावर पुस्तक लिहिलं. माणूस हुशार, बक्षिसाचं महत्त्व त्याला ठाऊक होतं. पण त्याच्या पद्धतीचा कणा सक्तीचाच, पट्ट्याला झटका आणि हातात छडी. महायुद्धांनंतर ही लष्करी शिस्त घराघरांत शिरली. काकांची सुरळी त्याच जातीची.

दुसरी वाट रशियातून निघाली. भिलाईकरांना रशियाचं कौतुक सांगायला नको. 1955 च्या करारानंतर सोव्हिएत मदतीने आपला कारखाना उभा राहिला आणि 1959 च्या फेब्रुवारीत राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधी तिथे पावलॉव कुत्र्यांच्या पचनाचा अभ्यास करत होता. त्याला 1904 चं नोबेल मिळालं तेही पचनावरच्या कामासाठी. खाण्याआधी नेहमी येणारा आवाज ऐकूनच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे त्याने दाखवलं.

अमेरिकेत स्किनरने पुढची पायरी गाठली: ज्या वागण्याला लगेच फळ मिळतं, ते वागणं वाढतं. 1951 मध्ये त्याने सामान्य वाचकांसाठी एक लेख लिहिला. त्यात कुत्रा शिकवायला टिकटिक करणारं साधं खेळणं सुचवलं. टिक झाली की खाऊ. त्याचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी तर विद्यापीठ सोडून प्राणी शिकवण्याचा धंदाच काढला!

पण खरी परीक्षा डॉल्फिनने घेतली. त्याच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही, आणि मारलं तर तो पोहून निघून जातो. हवाईत 1963 पासून कॅरन प्रायर त्यांना शिट्टी आणि मासळी वापरून शिकवत होती. तिचं 1984 चं पुस्तक आलं आणि ही रीत कुत्रे पाळणाऱ्यांपर्यंत पोचली.

आता आपली फरशी. पिल्लू झोपून उठलं, जेवलं, खेळलं की लगेच बाहेर न्या. बाहेर शू झाली की त्याच क्षणी शाबासकी आणि पनीरचा नखाएवढा तुकडा. घरात येऊन मग दिलात, तर त्याला वाटेल की बक्षीस घरात येण्याचं आहे. आत झाली तर गुपचूप पुसा. ओरडलात तर ते एवढंच शिकेल की तुमच्यासमोर शू करायची नाही, आणि सोफ्यामागे जाईल.

आणखी एक. स्कॉट आणि फुलर यांनी 1965 च्या ग्रंथात दाखवलं की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं. कुकरची शिट्टी, स्कूटर, छत्री, दाढीवाले आजोबा, सगळं याच दिवसांत दाखवा, सोबत खाऊ द्या. लसी पुऱ्या झालेल्या नसतात, म्हणून जमिनीवर सोडू नका. सिव्हिक सेंटरची गर्दी कडेवरूनही दिसते.