वाटाणा, मुळा आणि चाकांचा राक्षस

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत चिंचवडच्या एका शाळेत आम्ही आठवडाभर मुलांबरोबर होतो. प्रत्येक गटाने परग्रहावरचा एक राक्षस मनाने रचायचा, पुठ्ठ्याचा करायचा आणि त्याची दोन मिनिटांची अॅनिमेशन फिल्म काढायची, असे ठरले होते. बहुतेकांच्या घरचे कोणी ना कोणी भोसरी, आकुर्डी नाहीतर चाकणच्या कारखान्यात कामाला. त्यामुळे पुठ्ठ्याला आणि थर्माकोलला तोटा नव्हता, आणि राक्षसही त्याच वळणाचे निघाले. एकाचा हात वेल्डिंग करणाऱ्या रोबोचा, दुसऱ्याच्या पोटात कन्व्हेअर. सातवीतल्या एका मुलीच्या राक्षसाला पायांऐवजी सहा चाके होती.

“सजीवाला चाके नसतात,” आम्ही म्हणालो. का, असे तिने विचारले. गरागरा फिरणाऱ्या अवयवाला रक्तवाहिन्या आणि नसा जोडणार कशा? पीळ पडून तुटतील की! तिने काही न बोलता चाके काढून ठेवली. आम्हाला आपले उत्तर फार चोख वाटले होते.

पुढचे सांगण्याआधी थोडे मागे जाऊ. हौशी माणसाने घरच्या घरी, एकेक चित्र टिपून, निर्जीव वस्तू हलवून दाखवायची, हा उद्योग आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. त्याची सुरुवात राक्षसाने नव्हे, वाटाण्याने झाली.

दादासाहेब फाळके हे मूळचे छायाचित्रणातले आणि छपाईतले. चिंचवडहून लोकलने जिथे जाता येते त्या लोणावळ्याला त्यांनी ठसे खोदण्याचा आणि छपाईचा व्यवसाय केला होता. १९१२ मध्ये ते लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. आता चित्रपटासाठी भांडवल हवे होते, पण पाहिल्याशिवाय पैसे देणार कोण? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी रोखला आणि रोप जसजसे वाढेल तसतशी एकेक चौकट टिपत गेले. पडद्यावर तो कोंब डोळ्यांदेखत मातीतून वर आला आणि त्याचा वेल झाला. ही ‘अंकुराची वाढ’ पाहून यशवंतराव नाडकर्णींनी कर्ज दिले, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

इथे वर्गात करण्याजोगे एक गणित आहे. समजा, दर तासाला एक चौकट याप्रमाणे महिनाभर टिपले, तर ७२० चौकटी होतात. त्या सेकंदाला १६ या वेगाने दाखवल्या, तर फिल्म होते ४५ सेकंदांची. महिना पाऊण मिनिटात मावतो. वनस्पती हलते, फक्त आपल्या डोळ्यांना दिसणार नाही इतकी सावकाश, हे त्यातून दिसते. वाटाण्याचा तणावा आधार चाचपडत गोल फिरतो, ते पाहताना एखाद्या परग्रहावरचाच प्राणी पाहतो आहोत असे वाटते.

१९१५ मध्ये फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. यात वाट पाहायची नव्हती, काड्या आपणच हलवायच्या होत्या: काडी जराशी सरकवा, चौकट टिपा, पुन्हा सरकवा. फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ मध्ये असाच काड्यांचा खेळ पडद्यावर आणला होता. पुढे १९३४ मध्ये पुण्याच्या प्रभात कंपनीतून रघुनाथ केळकरांचा ‘जंबुकाका’ हा कोल्ह्याचा कार्टूनपट निघाला. इतकी लवकर सुरुवात होऊनही मराठीत कार्टूनपटांची परंपरा काही उभी राहिली नाही. एका मिनिटाला शेकडो चित्रे लागतात आणि ती काढणाऱ्या हातांना महिनेच्या महिने पगार द्यावा लागतो. तो पगार देणारे इथे थोडे होते.

मग पगार न घेणारे हात मिळाले तर? १९८१ मध्ये जपानात ओसाका इथे विज्ञानकथाप्रेमींचे विसावे संमेलन भरले होते. त्याच्या उद्घाटनासाठी हिदेआकी आन्नो, हिरोयुकी यामागा आणि ताकामी आकाई या विद्यार्थ्यांनी मित्रांना जमवून आठ मिलिमीटरच्या फिल्मवर सुमारे पाच मिनिटांचा कार्टूनपट केला. गोष्ट एवढीच: दप्तर पाठीला लावलेल्या एका लहान मुलीला पेलाभर पाणी पोचवायचे आहे. वाटेत यंत्रे आणि अवाढव्य राक्षस आडवे येतात. सगळ्यांशी लढून ती ते पाणी एका सुकलेल्या मुळ्याला घालते, आणि त्या मुळ्याचे अंतराळयान होते! (मुळ्याला जपानीत ‘दाइकोन’ म्हणतात आणि संमेलनाचे नावही ‘दाइकॉन’ होते.) पुढे याच मंडळींतून १९८४ मध्ये ‘गायनॅक्स’ ही अॅनिमेशन कंपनी उभी राहिली. फिल्म हौशी होती, पण राक्षस उसने, गाजलेल्या चित्रपट-मालिकांतून घेतलेले.

राक्षसही प्रेक्षकांनीच रचायचा, हे ब्रिटनमध्ये झाले. २००५ मध्ये बीबीसीने मुलांसाठी स्पर्धा ठेवली, ‘डॉक्टर हू’ मालिकेसाठी राक्षस सुचवा अशी. चाळीस हजारांहून अधिक चित्रे आली. नऊ वर्षांच्या एका मुलाचा, माणसांना अंगात शोषून घेणारा राक्षस निवडला गेला आणि पुढच्या वर्षी पडद्यावर आला. मुलाच्या मनात तो दुमजली बसएवढा होता, दाखवला मात्र माणसाएवढा. कारण उघड आहे, आत नट बसवायचा होता.

विज्ञानही बसएवढ्या राक्षसाच्या विरुद्धच आहे. माणसाची उंची अडीच पट केली, तर हाडांचा छेद सुमारे सहा पट होतो, पण वजन जवळजवळ सोळा पट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर अडीच पट भार येतो. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात हे मांडले आणि शेजारी राक्षसी प्राण्याच्या जाडजूड हाडाचे चित्रही काढून दाखवले.

आता पुन्हा चिंचवडला येऊ. त्या रात्री आम्हाला झोप लागेना. सजीवाला चाके नसतात? १९७३ मध्ये हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनीच तर दाखवले होते, की जिवाणूचे शेपूट वळवळत नाही, ते मुळाशी गोल गोल फिरते. पेशीच्या आवरणात बसवलेली ती खरीखुरी मोटार असते आणि ती प्रोटॉनच्या प्रवाहावर चालते. आपल्या आतड्यातल्या ई-कोलायची मोटार सेकंदाला शंभराच्या आसपास फेरे घेते. तिला रक्तवाहिनी लागत नाही, कारण एवढ्याशा अंतरावर लागेल ते आपसूक झिरपत पोचते. तेव्हा आमचे उत्तर मोठ्या प्राण्यांपुरतेच खरे होते. ते सरसकट सांगून आम्ही एका सातवीतल्या मुलीची चाके काढून घेतली होती.

सकाळी सगळ्या वर्गासमोर चूक कबूल केली आणि फळ्यावर जिवाणूची मोटार काढली. तिने चित्र नीट पाहिले आणि विचारले, “मग बेअरिंग कुठे असते?” हा प्रश्न आम्हाला आमच्या अभ्यासाच्या दिवसांत सुचला नव्हता. आवरणात प्रथिनांची कडी असतात, ती बुशचे काम करतात, असे सांगितले.

तिने राक्षस लहान केला नाही. गोष्टच बदलली. आता परग्रह म्हणजे कारखान्यामागच्या डबक्यातला पाण्याचा एक थेंब होता, आणि माणसे त्यात उतरायला आक्रसून जात होती. चाके परत लागली, पण पंख्यासारखी, मागच्या बाजूला. दोन मिनिटांना, सेकंदाला १२ प्रमाणे, १४४० फोटो हवे होते. मोबाइलवर ९०० निघाले आणि सुट्टी संपली. फिल्म सव्वा मिनिटाची झाली. मध्येच एक चाक निखळून पडले. ते कोणाच्या ध्यानात आले नाही, त्यामुळे शेवटच्या पंधरा सेकंदांत राक्षसाला पाचच चाके आहेत.