कंट्रोल-सी : दोन कळांचा इतिहास (थ्रेड)

१/ नांदेडची असो वा लातूरची संगणक प्रयोगशाळा, अनंत लूपमध्ये अडकलेला प्रोग्रॅम थांबवायला विद्यार्थी कंट्रोल-सी दाबतो. प्रोग्रॅम तत्काळ मरतो. पण तो फाईल लिहीत असेल तर? अर्धवट फाईल तशीच राहते. या प्रश्नाने संगणकतज्ज्ञांना दीर्घकाळ गुंतवून ठेवले.

२/ सी हेच अक्षर का? १९६७ च्या आस्की संकेतावलीत ३ हा संकेत ‘मजकूर समाप्त’ असा आहे, आणि सी हे तिसरे अक्षर. डीईसी कंपनीच्या पीडीपी-१० यंत्रांवर याच कळांनी चालू काम थांबत असे. बेल लॅब्सच्या युनिक्समध्ये मात्र आरंभी हे काम डिलीट कळीकडे होते.

३/ युनिक्समध्ये ही कळ दाबली की ते अक्षर प्रोग्रॅमपर्यंत पोहोचत नाही. टर्मिनलची व्यवस्था ते अडवते आणि कर्नल प्रोग्रॅमला सिगइंट हा २ क्रमांकाचा सिग्नल देतो. प्रोग्रॅमपुढे तीन वाटा असतात : मरणे, दुर्लक्ष करणे किंवा स्वतःचा हँडलर चालवणे.

४/ जुन्या युनिक्समध्ये एक दोष होता. हँडलर सुरू होताच त्याची नेमणूक रद्द होई. ती पुन्हा होण्याआधी अधीर हाताने दुसऱ्यांदा कळ दाबली, की आवराआवर अर्ध्यावर सोडून प्रोग्रॅम मरे.

५/ १९८३ साली महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली; लातूरचे एम. एस. बिडवे महाविद्यालय त्याच वर्षीचे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या ४.२ बीएसडीने हा दोष दूर केला : हँडलर कायम राहू लागला आणि तो चालू असताना तोच सिग्नल रोखून धरला जाऊ लागला. १९८८ च्या पॉझिक्स मानकाने ‘सिगॲक्शन’द्वारे ही रीत सर्वमान्य केली.

६/ तरीही एक धोका उरतोच. सिग्नल कोणत्याही क्षणी येतो, अगदी प्रिंटएफ अर्ध्यावर असतानाही. म्हणून हँडलरने केवळ एक खूण नोंदवावी. मुख्य लूपने ती पाहून फाईल बंद करावी आणि मग थांबावे. अशा खुणेसाठी १९८९ च्या सी मानकाने ‘सिग_ॲटॉमिक_टी’ हा स्वतंत्र प्रकारच दिला.

७/ ९ क्रमांकाचा सिगकिल कोणालाही अडवता येत नाही; ती आज्ञा आहे. सिगइंट ही विनंती आहे. ती कशी पाळायची, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने कळ दाबली जाण्याआधीच ठरवायचे असते.