होम थिएटर : संवाद ऐकू येत नाहीत, धडाम-धूम मात्र कान फाडतं? रिसीव्हर असा लावा

सिनेमात दोघं हळू बोलताहेत म्हणून आवाज वाढवायचा, आणि पुढच्याच क्षणी गाडी उडाली की रिमोटकडे धावायचं. होम थिएटर घेतलेल्या बऱ्याच घरांत हेच चालतं. आजी म्हणते, "जुना टीव्हीच बरा होता, निदान बोललेलं कळत तरी होतं." दोष क्वचितच स्पीकरचा असतो. वायरी जोडल्या, आवाज आला, की काम झालं असं आपण धरतो. मोजून जुळवायचं, म्हणजे कॅलिब्रेशन, राहून जातं. त्यासाठी लागणारा छोटा माइक बहुतेक रिसीव्हरच्या खोक्यातच येतो आणि खोक्यासकट माळ्यावर जातो.

आधी जोडणी. रिसीव्हरचा प्लग काढूनच वायरीला हात लावा. महागडी 'ऑडिओ केबल' लागत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर घरगुती अंतराला पुरते. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त वायर टाळा. टोक साधारण एक सेंटिमीटर सोला, तारा घट्ट पिळा. एक जरी तार शेजारच्या टर्मिनलला लागली तरी शॉर्ट होऊन रिसीव्हर बंद पडू शकतो. लाल टोक लालला, काळं काळ्याला, दोन्ही बाजूंनी. एखाद्या स्पीकरला उलटं झालं तर बिघडल्यासारखं वाटत नाही, पण बेस पातळ होतो आणि आवाज पडद्याच्या मधोमध न येता भरकटतो. स्पीकरच्या मागे लिहिलेले ओहम रिसीव्हरला चालतात का, तेही पाहून घ्या. टीव्हीपासून एचडीएमआय केबल 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेल्या पोर्टातूनच यायला हवी.

आता जागा. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. संवाद बहुतांशी मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात, आणि नेमका तोच आपण शोकेसच्या खालच्या कप्प्यात कोंबतो. तो टीव्हीच्या लगेच खाली किंवा वर, कप्प्याच्या कडेला पुढे ओढून, तोंड कानाकडे करून ठेवा. डाव्या-उजव्यासाठी सुतळी घ्या : दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येकापासून सोफ्यापर्यंतचं अंतर सारखं आलं की कोन आपोआप तीस-तीस अंशांचा होतो. मागचे दोन स्पीकर पाठीमागच्या भिंतीवर लांब नकोत. ते बसणाऱ्याच्या बाजूला, किंचित मागे, १०० ते १२० अंशांवर हवेत.

सबवूफर कोपऱ्यात ढकलला की घुमतो. जुनी युक्ती आहे : सबवूफर तात्पुरता सोफ्यावर ठेवा, बेस असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. बेस जिथे सर्वांत स्वच्छ आणि एकसारखा ऐकू येईल तिथे त्याची जागा. घरचे हसतील, हसू देत.

बेळगाव-निपाणीकडच्या घरांतून शहाबादी किंवा टाइल्सची फरशी आणि उघड्या भिंती असतील तर हॉलमध्ये टाळी वाजवून बघा. टाळी मागे रेंगाळली तर संवादही रेंगाळणार. सोफा आणि टीव्हीच्या मध्ये जाड सतरंजी आणि खिडकीला जड पडदा, एवढ्यानं फरक पडतो. हे काम कुठलंही मशीन करून देत नाही.

मग माइक. डेनॉन आणि मॅरान्ट्झमध्ये या सोयीला ऑडिसी म्हणतात, यामाहात वायपाओ. पंखा बंद, कुकर बंद, मुलं बाहेर. माइक हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीवरही टेकवू नका. कॅमेऱ्याच्या स्टँडवर, बसल्यावर कान येतो त्या उंचीवर ठेवा. दिवाणावर किंवा खाली बैठकीवर बसून बघत असाल तर ती उंची वेगळी. पहिलं मोजमाप मुख्य जागेवरच करा, नंतर आजूबाजूला एक-दोन फुटांवर.

निकाल आला की तो तपासा, डोळे झाकून मान्य करू नका. समोरचे स्पीकर रिसीव्हरनं 'लार्ज' धरले असतील तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. जड बेस मग सबवूफर उचलतो आणि बाकीच्यांवरचा भार हलका होतो. स्पीकर अगदी लहान असतील तर १०० किंवा १२० ठेवा. सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर हवं, कारण ते काम आता रिसीव्हर करतो. सबवूफरची पातळी उणे १२ ला जाऊन अडकली असेल तर त्याच्यावरचा व्हॉल्यूम कमी करून पुन्हा मोजा. 'फेज' चुकल्याचा इशारा आला तर वायर बघा. वायर बरोबर असेल तर पुढे चला, काही स्पीकरची आतली रचनाच तशी असते.

एवढं करूनही बोलणं दबतंय? सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवा. आणि मोड बघा, कारण बऱ्याच घरांत खरी गडबड इथेच सापडते. सेट-टॉप बॉक्सवरून मराठी असो की कन्नड, अनेक वाहिन्यांचा आवाज साधा स्टिरिओ असतो. रिसीव्हरही 'स्टिरिओ' मोडवर राहिला तर सेंटर स्पीकर गप्पच बसतो. 'डॉल्बी सराउंड' मोड लावला की तोच आवाज वाटला जातो आणि बोलणं मध्ये येतं. रात्री शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंजची सोय वापरा. त्यात मोठे आवाज दबतात, हळू आवाज वर येतात.

दुकानात डब्यावर हजारो वॅट 'पीएमपीओ' लिहिलेलं दिसलं तर त्यावर भुलू नका. विचारायचं ते आरएमएस. रिसीव्हर तापतो, म्हणून वर चार बोटं तरी मोकळी जागा सोडा आणि बंद काचेच्या शोकेसमध्ये ठेवू नका. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवा, केबलची वायरसुद्धा.

गणपतीत मखरासाठी सोफा, टेबल, स्पीकर सगळं हलतं. विसर्जनानंतर हॉल लावताना माइक पुन्हा एकदा काढा, कारण जुनं मोजमाप जुन्या जागांचं होतं.