आधार द्यावा, आणि निघूनही जावा

मोडलेले हाड शेवटी स्वतःच जुळते. माणसाने हजारो वर्षे केले ते एवढेच, की जुळेपर्यंत त्याला हलू दिले नाही. त्यामुळे हाडाच्या उपचारांचा इतिहास हा मुळात आधाराचा इतिहास आहे, आणि त्यात एक प्रश्न सतत भेटतो : काम झाल्यावर हा आधार काढायचा कसा?

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय भग्नचिकित्सेचा आहे. आधारासाठी त्यात मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, बांबू, वड यांच्या साली व पट्ट्या सांगितल्या आहेत. ही यादी वाचताना वऱ्हाडच्या माणसाला मेळघाटच आठवेल. बंध थंडीत ७, मध्यम ऋतूत ५ आणि उन्हाळ्यात ३ दिवसांनी सोडून पुन्हा बांधायचा. तो सैल राहिला तर हाड स्थिर राहत नाही. आवळला तर सूज, ठणका आणि पू. आपल्याकडे हाड बसवणारे बांबूच्या कामट्या बांधतात, त्या याच परंपरेतल्या. पण जिथे कामट्या राहिल्या आणि सोडून पाहण्याचा नियम सुटला, तिथे रक्तपुरवठा बंद पडून हातपाय गमावण्याची वेळ आली.

विसाव्या शतकात आधार शरीराच्या आत गेला. १९४० च्या सुमारास जर्मनीत क्युंट्शर यांनी मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूची सळई घालण्याची पद्धत मांडली. रोगी लवकर उभा राहू लागला. मात्र कामटी सोडता येत होती, तशी आतली सळई सोडता येईना. मोठ्या माणसांत ती पुष्कळदा तशीच ठेवतात. वाढत्या वयाच्या मुलांत बहुधा काढावी लागते. ‘रॉड काढायला आलो’ हे अमरावती-अकोल्याच्या दवाखान्यांत नेहमी कानावर पडणारे वाक्य तिथून आले. शिवाय जाड पट्टी सगळा भार स्वतःवर घेते, तेव्हा तिच्याखालचे हाड कमजोर होते.

आपोआप नाहीसा होणारा आधार शोधण्याची धडपडही जुनी आहे. बेल्जियमच्या लाम्बोत यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पायाच्या हाडाला मॅग्नेशियमची पट्टी लावली. ती ८ दिवसांत झिजून गेली आणि कातडीखाली वायू साचला. आधार हाडाच्या आधी संपला.

१९६६ साली ‘अर्काइव्हज ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात पॉलिलॅक्टिक आम्लावर एक निबंध आला. पहिले लेखक आर. के. कुलकर्णी, काम अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय प्रयोगशाळेतले. आडनाव ओळखीचे वाटते, पण आडनावावरून गाव ठरवणे म्हणजे इतिहास नव्हे. म्हणून मी छापील नाव तेवढे नोंदवतो. दह्याला आंबट करणारे लॅक्टिक आम्ल साखळीसारखे जोडून हा पदार्थ बनतो. शरीरातील पाण्याने साखळी हळूहळू तुटते आणि शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइड उरतो. १९७१ मध्ये याच पदार्थाच्या पट्ट्या व स्क्रूंनी कुत्र्यांचे मोडलेले जबडे जोडल्याचे प्रसिद्ध झाले. १९८४ पासून हेलसिंकीत रोक्कानेन आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या घोट्याला विरघळणाऱ्या काड्या वापरल्या. काहींच्या जखमेत निर्जंतुक द्राव साचला, हेही फिनलंडच्या डॉक्टरांनीच नोंदवले. मॅग्नेशियमचाही नाद सुटला नाही : मिश्रधातूच्या स्क्रूला २०१३ मध्ये युरोपात परवानगी मिळाली.

आज घोटा, हाताची बोटे, जबडा, गुडघ्याचा अस्थिबंध येथे असे स्क्रू चालतात. मांडीच्या हाडाचा भार मात्र अजून स्टील किंवा टायटॅनियमच पेलते. विरघळणारा स्क्रू महाग पडतो, हेही खरे. पण मोलमजुरी करणाऱ्या घरासाठी हिशेब मांडताना दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च, ऐन कापूस वेचणीत बुडालेली मजुरी, सोबतच्या माणसाचे खाडे आणि अकोल्याचे जाण्यायेण्याचे भाडे हे सारे त्याच कागदावर लिहिले पाहिजे.